‘असीलियाक’ : एका नकारार्थी रोगनामाचा इतिहास

१९७८ साली ‘दी लॅन्सेट’ या इंग्लंडमधील वैद्यकीय साप्ताहिकात एलिस व लिनेकर या दोघा वैद्यांचे एक लहानसे टिपण प्रसिद्ध झाले. गव्हाचे पदार्थ वर्ज्य केले असता पोटाचा विकार थांबतो, परंतु आतड्याच्या तपासणीत सीलियाक रोगाची खूण सापडत नाही, अशी ही हकीकत होती. टिपणाचे शीर्षक ‘असीलियाक ग्लूटेन-संवेदनशीलता’ असे असून त्यापुढे प्रश्नचिन्ह होते. त्याच वर्षी त्याच साप्ताहिकात जोनास यांचे दुसरे टिपण आले. त्याच्या मथळ्यात ग्लूटेनाचा उल्लेख नव्हता. रुग्ण गव्हास संवेदनशील आहे पण सीलियाक नव्हे, एवढेच त्यात म्हटले होते. या दोन मथळ्यांत जे भेद आहेत ते वरवर पाहता क्षुल्लक वाटतात. एकात प्रश्न आहे, दुसऱ्यात विधान. एकात गव्हातील एका द्रव्याचे नाव आहे, दुसऱ्यात सबंध धान्याचे. तथापि पुढील साडेचार दशकांत या विकाराविषयी जो वाद माजला, तो बहुतांशी याच दोन भेदांभोवती फिरत राहिला. प्रश्नचिन्ह केव्हा व कोणत्या आधारावर गळाले, आणि दोष ग्लूटेनाचा की गव्हाचा, हे दोन प्रश्न वैद्यकाचे आहेत हे खरे. परंतु त्यांच्या इतिहासात नामकरणाचा वाटा इतका मोठा आहे की भाषेच्या अभ्यासकासही त्याची दखल घेणे प्राप्त आहे.

नकारार्थी समासाचे दोन अर्थ आपल्या वैयाकरणांनी फार पूर्वीच वेगळे करून ठेवले आहेत. जेथे नकाराचा संबंध क्रियेशी असतो तेथे केवळ निषेध होतो. अमुक नाही, एवढेच कळते. यास प्रसज्यप्रतिषेध म्हणतात. जेथे नकार नामाशी जोडला जातो तेथे त्या वस्तूहून भिन्न पण तिच्यासारख्या अशा दुसऱ्या वस्तूचा बोध होतो. हा पर्युदास होय. ‘अब्राह्मणास आण’ असे सांगितले असता आज्ञाधारक मनुष्य दुसऱ्या वर्णाच्या माणसास घेऊन येतो, मातीचे ढेकूळ आणून उभा राहत नाही, हे महाभाष्यातील उदाहरण संस्कृतच्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचे आहे. ‘असीलियाक’ या शब्दाची कथा म्हणजे एका प्रसज्यप्रतिषेधाचा हळूहळू पर्युदास कसा झाला याची कथा होय. प्रारंभी ‘हा रोग सीलियाक नाही’ एवढाच त्याचा आशय होता. पुढे ‘सीलियाकसारखा असा एक निराळा रोग’ असा अर्थ त्यास चिकटला, आणि हे सादृश्य कोणत्या बाबतीत मानावयाचे हे नीट ठरण्यापूर्वीच नाव रूढ झाले.

ज्याचा निषेध केला जातो तो मूळ शब्द पुरातन आहे. कॅपाडोशियाचा अरेटीयस हा रोमन साम्राज्याच्या पहिल्या काही शतकांतील ग्रीक वैद्य. याने आयोनियन बोलीत रोगांची वर्णने लिहिली. अन्न न पचता बाहेर पडणे व शरीर झिजत जाणे या दीर्घकालीन विकारास त्याने ‘कोइलिया’ या शब्दावरून साधलेले विशेषण लावले. कोइलिया म्हणजे उदर. त्याच्या मुळाशी ‘पोकळ’ या अर्थाचा शब्द आहे. आपल्याकडील ‘कोष्ठ’ शब्दातही साठवणीची जागा व पोट हे दोन्ही अर्थ नांदतात, आणि वैद्य अजूनही ‘कोठा हलका’ वा ‘कोठा जड’ असे बोलतात, हे येथे सहज आठवते. म्हणजे मूळ नावात गव्हाची यत्किंचितही सूचना नाही. ‘पोटाचा’ एवढाच त्याचा अर्थ. अरेटीयसच्या ग्रंथांचे फ्रान्सिस अ‍ॅडम्स याने केलेले इंग्रजी भाषांतर १८५६ साली प्रसिद्ध झाले. पुढे १८८७ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरील बालरुग्णालयात सॅम्युएल गी याने दिलेल्या व्याख्यानात हेच विशेषण पुन्हा वापरले. ते व्याख्यान १८८८ साली छापले गेले. हा विकार बरा होणार असेल तर आहारानेच होईल, हे गीचे मत विलक्षण दूरदृष्टीचे ठरले. मात्र त्याने दिलेला आहार पाहिला म्हणजे मौज वाटते. तांदूळ, साबुदाणा हे पिष्टमय पदार्थ त्याने अयोग्य ठरविले, आणि पातळ कापून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजलेल्या पावास मात्र मुभा दिली! दिशा अचूक, पण अपराध्याची ओळख चुकलेली, असा हा प्रकार होता.

अशी चूक पुढेही घडली. १९२४ साली न्यूयॉर्कच्या सिडने हास याने केळ्यांचा आहार प्रचारात आणला. त्यात पाव, बिस्किटे, बटाटे व धान्ये वर्ज्य होती. मुले सुधारली, आणि श्रेय केळ्यांना मिळाले. पाव बंद झाल्यामुळे गुण आला असेल, ही शंका तेव्हा कोणास फारशी शिवली नाही. आहार बदलला, प्रकृती सुधारली, आणि बदललेल्या दहा गोष्टींपैकी जी डोळ्यांत भरली तिला कारणत्व बहाल झाले, ही तर्कपद्धती या विषयाच्या इतिहासात वारंवार दिसते; हासच्या केळ्यांकडे हसून पाहणाऱ्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही ती लोपली नाही.

गव्हाकडे निश्चितपणे बोट दाखविण्याचे कार्य विलेम कारेल डिके या डच बालवैद्याचे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, नेदरलँड्समध्ये भीषण अन्नटंचाई झाली, लोकांवर ट्यूलिपचे कंद खाण्याची पाळी आली, आणि पाव मिळेनासा होताच सीलियाकची मुले सुधारली. ते पाहून डिकेला शोध लागला, अशी आख्यायिका सर्वत्र सांगितली जाते. ती अर्धसत्य आहे. गहूरहित आहाराविषयी डिकेचे प्रयोग युद्धापूर्वीपासून चालू होते, आणि त्याविषयी त्याचा लेख १९४१ मध्येच प्रसिद्ध झाला होता. दुष्काळाने त्याच्या अनुमानास बळकटी दिली, जन्म दिला नाही. १९५० साली उट्रेख्ट येथे त्याने आपला प्रबंध सादर केला. त्यानंतर वेयर्स व व्हान दे कामर या सहकाऱ्यांसह त्याने मुलांच्या मलातील स्निग्धांशाचे मापन करून कोणत्या पिठाने विकार बळावतो हे तपासले. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम येथील वैद्यांनीही १९५२ साली गव्हाच्या पिठाच्या परिणामांविषयीचे आपले निष्कर्ष मांडले. पिष्ट निर्दोष ठरले. दोष ग्लूटेनाकडे, व त्यातही ग्लायडिन या अंशाकडे गेला.

ग्लूटेन हा लॅटिन शब्द. अर्थ सरस, डिंक, चिकटविण्याचे द्रव्य. ग्लायडिन या नावाच्या मुळाशीही ग्रीकमधील तोच अर्थ आहे. बोलोन्या येथील बेकारी याने कणकेचा गोळा पाण्याखाली धूत राहून पिष्ट वाहून जाऊ दिले व हातात उरलेल्या चिवट गोळ्याचे परीक्षण केले. याविषयीचे त्याचे व्याख्यान १७२८ चे असून ते १७४५ साली छापले गेले. मराठीत यास ‘चीक’ म्हणावे अशी सूचना कोणी केल्यास ती स्वीकारता येणार नाही. कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून, गाळून जो चीक काढतात तो मुख्यतः पिष्टाचा असतो, आणि चिवट भाग बराचसा चोथ्याबरोबर निघून जातो. म्हणजे बेकारीने जे टाकले ते आपल्या घरांत ठेवले जाते, आणि त्याने जे ठेवले ते येथे टाकले जाते. शब्द जवळचा, वस्तू नेमकी उलट. तेव्हा ‘ग्लूटेन’ हाच शब्द ठेवणे इष्ट.

ग्लूटेन हे कारण ठरले तरी सीलियाकची व्याख्या अजून लक्षणांवरच उभी होती. गव्हाने त्रास होतो व तो सोडल्याने जातो, असा रुग्ण सीलियाक समजला जाई. त्यामुळे ‘असीलियाक’ असा कोणी असू शकेल याला जागाच नव्हती. ही जागा निर्माण केली ती नळीने. १९५६ साली मार्गो शायनर हिने शस्त्रक्रियेवाचून, तोंडावाटे नळी उतरवून, लहान आतड्याचा नमुना काढण्याची रीत प्रसिद्ध केली; पुढच्याच वर्षी क्रॉस्बीची कुपी आली. आतड्याच्या अंतस्त्वचेवरील अंकुर झिजून सपाट झालेले दिसले तरच सीलियाक, असा दंडक पडला. पुढे रक्तातील प्रतिद्रव्यांची भर पडली. १९९७ साली ऊतक-ट्रान्सग्लूटामिनेज या विकराविरुद्ध रुग्णाचे शरीर प्रतिद्रव्ये निर्माण करते हे जर्मनीतील संशोधकांनी दाखविले, आणि हा रोग शरीराने स्वतःवरच केलेला हल्ला आहे ही कल्पना पक्की झाली. विशिष्ट ऊतक-जनुकांशी असलेला त्याचा संबंधही सिद्ध झाला. व्याख्या जसजशी रेखीव होत गेली, तसतसे तिच्या बाहेर राहिलेले लोक अधिक स्पष्ट दिसू लागले. कोणतीही वर्गवारी नेमकी करू गेले की अवशेष उरतोच. येथे तो अवशेष म्हणजे पोट धरून बसलेली माणसे होती.

या अवशेषाचा पहिला नीट अभ्यास बर्मिंगहॅम येथेच झाला. १९८० साली कूपर व त्याच्या सहकाऱ्यांनी आठ स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. पोटदुखी व जुनाट जुलाब यांनी त्या जेरीस आल्या होत्या. कित्येकींना रात्रीही उठावे लागे. ग्लूटेनरहित आहाराने त्यांस आश्चर्यकारक आराम पडला व ग्लूटेन पुन्हा देताच विकार उलटला. आतड्यात सीलियाकचा पुरावा नव्हता. पेशींच्या संख्येत किरकोळ पण दखलपात्र फरक तेवढा होता. इतका स्पष्ट वृत्तांत असूनही त्यानंतरची तीन दशके या विषयात फारशी हालचाल झाली नाही. याचे एक कारण असे दिसते की, ज्या रोगास नाव नाही व ज्याची खूण सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, त्यास वैद्यकाच्या दप्तरात खाते उघडले जात नाही. असे रुग्ण बहुधा ‘क्षुब्ध आतडे’ या व्यापक सदराखाली टाकले गेले, किंवा विकार मनाचा आहे असे सांगून परत पाठविले गेले. त्यांत स्त्रियांचे प्रमाण अधिक होते, ही गोष्ट या उपेक्षेशी अगदीच असंबद्ध असेल असे मानवत नाही. १९९६ साली शेफील्डच्या हाजीवासिलिऊ व सहकाऱ्यांनी कारण न उमगलेल्या मज्जाविकारांमागे छुपी ग्लूटेन-संवेदनशीलता असेल काय, असे विचारले. या लेखाचा मथळाही प्रश्नार्थकच होता.

प्रश्नचिन्ह गळाले ते २०११ साली. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातील जेसिका बिसिकर्स्की, पीटर गिब्सन इत्यादींनी चौतीस रुग्णांवर एक चाचणी केली. सीलियाक नसलेल्या, क्षुब्ध आतड्याच्या या रुग्णांची प्रकृती ग्लूटेन सोडल्यावर ठीक झालेली होती. त्यांना सहा आठवड्यांपर्यंत रोज पाव व मफिन देण्यात आले. काहींच्या पदार्थांत ग्लूटेन होते, काहींच्या नव्हते, आणि कोणास काय मिळते हे रुग्णांस वा वैद्यांस ठाऊक नव्हते. ग्लूटेन मिळालेल्या एकोणिसांपैकी तेरा जणांची, आणि न मिळालेल्या पंधरांपैकी सहा जणांची लक्षणे आटोक्याबाहेर राहिली. लेखाचे शीर्षक आता सरळ विधानार्थी होते : सीलियाक नसलेल्यांतही ग्लूटेनाने पोटाचे विकार होतात. असे का होते याचा मात्र कोणताही दुवा हाती लागला नाही, हे त्यांनी प्रामाणिकपणे नमूद केले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत लंडन येथे तज्ज्ञांची बैठक भरली. तीत ठरलेली परिभाषा २०१२ साली प्रसिद्ध झाली. ग्लूटेनाशी निगडित विकारांचे एक कुलच तीत कल्पिले होते : सीलियाकादी आत्मघाती प्रतिकाराचे विकार, गव्हाची अधिहर्षता म्हणजे अ‍ॅलर्जी, आणि ज्यांत ही दोन्ही कारणे संभवत नाहीत अशी ‘ग्लूटेन-संवेदनशीलता’. तिसऱ्याची व्याख्या वर्जनाने झाली, म्हणजे जे उरते ते. पण एकदा कुलवृक्षावर फांदी काढली की ती फांदी आहे असे सर्वजण समजू लागतात. पर्युदास येथे पूर्ण झाला, आणि सादृश्याचा धागा म्हणून ग्लूटेनास नावात कायमचे स्थान मिळाले.

शास्त्रज्ञांच्या या सावध पावलापूर्वीच लोकव्यवहार बराच पुढे गेला होता. गव्हास सर्व व्याधींचे मूळ ठरविणारी पुस्तके अमेरिकेत हातोहात खपत होती. विल्यम डेव्हिस यांचे ‘व्हीट बेली’ २०११ चेच. ‘ग्लूटेनमुक्त’ ही अक्षरे वेष्टनावर कोणी छापावीत याचा नियम अमेरिकी शासनाने २०१३ साली केला : दहा लाख भागांत वीस भागांहून कमी ग्लूटेन. हा नियम सीलियाक रुग्णांसाठी होता, पण ग्राहक बहुसंख्येने ते नव्हते. त्या देशातील राष्ट्रीय आरोग्य-पाहणीचे आकडे बोलके आहेत. २००९ ते २०१४ या काळात सीलियाकचे प्रमाण जवळजवळ स्थिर राहिले, आणि तो रोग नसता ग्लूटेन टाळणारांचे प्रमाण शेकडा अर्ध्यावरून पावणेदोनाच्या घरात गेले. या लोकांसाठी संशोधकांनी रोगनाम न वापरता ‘सीलियाक नसून ग्लूटेन टाळणारे’ असे वर्णनच योजले. लांबलचक असले तरी हे अधिक प्रामाणिक नाव म्हणावे लागेल. ते माणसाची कृती सांगते, कारणाविषयी काहीच गृहीत धरीत नाही.

२०१३ साली मोनॅशच्या त्याच मंडळींनी आपलाच निष्कर्ष पुन्हा कसोटीस लावला. यावेळी सदतीस रुग्णांच्या आहारातून आधी दोन आठवडे काही विशिष्ट शर्करा कमी करण्यात आल्या. आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या व जंतूंकडून आंबविल्या जाणाऱ्या अशा या शर्करा असून, त्यांस त्याच विद्यापीठात २००५ पासून ‘फॉडमॅप’ हे आद्याक्षरी नाव पडले होते. त्यानंतर कोणास रोज सोळा ग्रॅम ग्लूटेन, कोणास दोन ग्रॅम, तर कोणास त्याऐवजी दुधाच्या निवळीतील प्रथिन देण्यात आले. शर्करा कमी होताच सर्वांस बरे वाटले. पुढे प्रथिन कोणतेही दिले तरी सारखाच त्रास झाला. केवळ ग्लूटेनाने बिघडले असे रुग्ण शेकडा आठच निघाले. या लेखाचा मथळा निषेधार्थी आहे. १९७८ मध्ये प्रश्न, २०११ मध्ये विधान, २०१३ मध्ये निषेध, अशी या मथळ्यांची वाटचाल. आपल्याच दोन वर्षांपूर्वीच्या विधानाचा निषेध मथळ्यातच करण्याचे धैर्य विद्वत्तेच्या क्षेत्रात विरळा आढळते, हे नमूद केले पाहिजे.

मग त्रास कशाचा? गव्हात ग्लूटेनाखेरीज फ्रुक्टन नावाची शर्करांची साखळी असते. ती तोडणारा विकर मनुष्याच्या लहान आतड्यात नाही. ती जशीच्या तशी मोठ्या आतड्यात उतरते, तेथील जंतू ती आंबवितात, वायू होतो, पोट फुगते. कांदा व लसूण यांतही हीच द्रव्ये आहेत. २०१८ साली ऑस्लो येथील संशोधकांनी, स्वतः होऊन ग्लूटेन सोडलेल्या एकोणसाठ जणांस एकेक आठवडा तीन प्रकारच्या वड्या दिल्या : एकीत ५.७ ग्रॅम ग्लूटेन, एकीत २.१ ग्रॅम फ्रुक्टन, एकीत दोन्ही नाही. चवीवरून ओळखू येऊ नये अशी त्यांची बनावट होती. सर्वाधिक त्रास ग्लूटेनाने झाला असे तेरा जण, फ्रुक्टनाने चोवीस, आणि ज्या वडीत काहीच नव्हते तिने बावीस! ग्लूटेन सोडणारा मनुष्य पाव सोडतो, आणि पावाबरोबर फ्रुक्टनही सुटते. बरे वाटते, आणि श्रेय ग्लूटेनत्यागास जाते. न्यूयॉर्कच्या केळ्यांची गोष्ट नव्वद वर्षांनी पुन्हा घडली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

पण प्रश्न तेवढ्याने सुटला असेही नव्हे. सिसिलीतील पालेर्मो येथे कारोच्चो यांनी २०१२ साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. क्षुब्ध आतड्याची लक्षणे असलेल्या नऊशे वीस रुग्णांपैकी दोनशे शहात्तर जणांत गव्हाचा त्रास द्विअंध चाचणीने सिद्ध झाला. त्यांतील सत्तर जणांस फक्त गव्हाचा, आणि उरलेल्या दोनशे सहांस इतर अन्नांचाही त्रास होता. त्यांनी योजलेले नाव ‘असीलियाक गहू-संवेदनशीलता’ असे होते. जोनास यांच्या १९७८ च्या शब्दाचे हे पुनरागमनच होय. त्याच वर्षी शुप्पान व त्यांच्या सहकाऱ्यांनी गव्हातील आणखी एका प्रथिनगटाकडे लक्ष वेधले. दाण्याचे किडीपासून रक्षण करणारे हे प्रथिन कीटकांच्या पाचक विकरांस अडविते, आणि प्राण्यांच्या शरीरात उपजत प्रतिकारयंत्रणेस जागे करते, असे प्रयोगांती दिसले. म्हणजे ग्लूटेन निर्दोष ठरले तरी गहू निर्दोष ठरतोच असे नाही. ‘गहू’ हा शब्द अधिक स्थूल आहे, परंतु जेथे ज्ञान स्थूल आहे तेथे शब्दही स्थूल असावा हेच न्याय्य. ग्लूटेन हे नाव ज्ञानापुढे धावले. गहू हे नाव त्याच्या बरोबरीने चालते.

निदानाची रीत ठरविण्यासाठी २०१४ च्या ऑक्टोबरात इटलीतील सालेर्नो येथे तज्ज्ञ जमले. तेथील निकष २०१५ साली प्रसिद्ध झाले. एक आठवडा रोज आठ ग्रॅम ग्लूटेन किंवा त्याचे सोंग घेतलेला निरुपद्रवी पदार्थ, मग एक आठवडा विश्रांती, मग अदलाबदल. लक्षणांत शेकडा तीसांहून अधिक फरक पडला तरच निदान. कसोटी काटेकोर आहे, म्हणूनच नित्याच्या दवाखान्यात ती क्वचितच पार पडते. अशा द्विअंध चाचण्यांचा आढावा २०१७ साली घेण्यात आला, तेव्हा दोनशे एकतीस रुग्णांपैकी अडतीस जणांतच, म्हणजे शेकडा सोळांत, ग्लूटेनाचा विशिष्ट परिणाम दिसला. आणि शेकडा चाळीस जणांस सोंगाच्या पदार्थानेही त्रास झाला. या दुसऱ्या प्रकारास ‘नोसीबो’ म्हणतात. ‘प्लासिबो’ हे लॅटिनमधील प्रथमपुरुषी भविष्यकाळाचे रूप, अर्थ ‘मी सुखवीन’. त्याच साच्यावर ‘नोसीबो’, ‘मी इजा करीन’. क्रियापदाचे एक रूप सबंध नाम होऊन बसल्याचे हे उदाहरण भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने टिपून ठेवावे असे आहे. नेदरलँड्स व इंग्लंड येथील संशोधकांनी केलेल्या, २०२४ सालच्या एका चाचणीत त्र्याऐंशी जणांचे चार गट केले होते. पावात ग्लूटेन आहे असे काहींस सांगितले व ते दिले. काहींस सांगितले पण दिले नाही. काहींस न सांगता दिले. काहींस ना सांगितले ना दिले. सांगून दिलेल्यांस सर्वाधिक त्रास झाला. न सांगता ज्यांस दिले त्यांस तितका झाला नाही. पण नुसते सांगितले व दिले नाही त्यांच्यात आणि पहिल्या गटात निश्चित असा फरक काढता आला नाही.

यावरून हा सारा विकार म्हणजे मनाचे खेळ, असा निष्कर्ष काढण्याचा मोह काहींस होतो. तो मोह १९८० च्या आधीच्या वैद्यकाकडे परत नेणारा आहे. अपेक्षेने दुखलेले पोटही दुखतेच. आतडे व मेंदू यांचा मज्जातंतूंनी साधलेला संबंध हा शरीरशास्त्राचा विषय आहे, चारित्र्याचा नव्हे. शिवाय सोळा टक्के म्हणजे शून्य नव्हे, आणि फ्रुक्टनाने फुगणारे पोट कल्पनेने फुगत नाही. एकाच नावाच्या छत्राखाली तीन-चार निरनिराळे समूह गोळा झाले आहेत असेच उपलब्ध पुराव्यावरून दिसते : फ्रुक्टनाचे, गव्हातील इतर प्रथिनांचे, अपेक्षेचे, आणि ज्यांचा सीलियाक रोग नीट शोधलाच गेला नाही असे. नाव एकवचनी आहे; वस्तू अनेकवचनी असावी.

भारतात सीलियाकची नोंद उत्तरेकडील मुलांमध्ये १९६६ साली झाली. दिल्ली परिसरातील लोकवस्तीच्या पाहणीत, २०११ साली, शहाण्णवांत एक असे त्याचे प्रमाण निघाले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत रोगसूचक प्रतिद्रव्ये उत्तरेत शेकडा १.२३, तर दक्षिणेत शेकडा ०.१० इतक्या लोकांत आढळली. रोगास अनुकूल जनुके दोन्हीकडे जवळजवळ सारखीच होती, परंतु गव्हाचे रोजचे सेवन उत्तरेत ४५५ ग्रॅम व दक्षिणेत अवघे २५ ग्रॅम होते. ज्वारी, बाजरी, नाचणी व तांदूळ यांवर पिढ्यान्‌पिढ्या पोसलेल्या आणि आता पोळी-पावाकडे वळलेल्या महाराष्ट्राच्या दृष्टीने हे आकडे विचार करावयास लावणारे आहेत. असीलियाक संवेदनशीलतेविषयी मराठी बोलीत मात्र शब्दांची वाण नाही. ‘गहू बाधतो’ म्हटले की कर्तृत्व गव्हाकडे जाते. ‘गहू पचत नाही’ म्हटले की उणेपणा पोटाचा. ‘गहू सोसत नाही’ यात सहनशक्तीची मर्यादा आहे. आणि ‘गहू मानवत नाही’ यात दोघांचे जमत नाही एवढेच, कोणाचाही दोष नाही. आयुर्वेदातील ‘असात्म्य’ या संज्ञेचा रोखही या शेवटच्या प्रयोगाकडेच आहे. जे एकास सात्म्य ते दुसऱ्यास असेलच असे नाही, हे तीत गृहीत आहे. तिच्यात ग्लूटेनाविषयी अथवा सीलियाकविषयी काहीच गर्भित नाही, म्हणून परिभाषा म्हणून ती ‘असीलियाक’पेक्षा निरुपद्रवी ठरेल.

नावाचा हा घोळ केवळ कोशकारांपुरता मर्यादित नाही. सीलियाकच्या रक्तचाचणीस व आतड्याच्या नमुन्यास काही आठवडे नियमाने गहू खात असलेला रुग्ण लागतो. गहू सोडला की प्रतिद्रव्ये ओसरतात, अंकुर पुन्हा वाढतात, आणि खरा सीलियाक रुग्णही निरोगी दिसू लागतो. ज्याने ऐकीव माहितीवरून आधीच गहू सोडला व ‘आपण असीलियाक’ असे स्वतःच ठरविले, त्यास निश्चित निदानासाठी पुन्हा गहू खाऊन आजारी पडावे लागते, आणि त्यास पुष्कळजण तयार होत नाहीत. जनुकचाचणी तेवढी गहू न खाताही करता येते. अनुकूल जनुके नसली तर सीलियाक जवळजवळ निश्चितपणे वगळता येतो. परंतु ती असली तर काहीच सिद्ध होत नाही, कारण वरील पाहणीत दिसल्याप्रमाणे ती सुमारे एकतृतीयांश निरोगी लोकांतही असतात. खुद्द असीलियाक संवेदनशीलतेची खूण सांगणारी अशी कोणतीही सर्वमान्य चाचणी, रक्ताची वा आतड्याची, अद्याप उपलब्ध नाही.